पावाला धूर लागतो

आंतोन पदेराची मोटारसायकल आधी ऐकू येते आणि मग दिसते. पदेर म्हणजे पाववाला. वेंगुर्ल्याच्या बाजूचे बाकीचे पदेर सायकलच्या मागे टोपली बांधून, रबरी भोंगा पों-पों करत फिरतात. आंतोनला भोंग्याची गरज कधी पडलीच नाही. त्याची टू-स्ट्रोक गाडी खाडीकाठच्या त्याच्या भट्टीपासून निघाली, की वर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळमाळावरच्या, वाडीत चहाची भांडी चुलीवर चढतात.

त्या वाडीला रस्ता आहे, पण तो मागच्या अंगानं, सगळ्या डोंगराला वळसा घालून जातो आणि दर पावसाळ्यात अर्धा वाहून जातो. पुढच्या अंगानं जायचं तर जांभ्या दगडातली चढण. गुरांनी पाडलेली वाट, मोठे मोठे धोंडे, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. तिथं सायकल काय करणार? म्हणून आंतोननं गोव्यातल्या मेव्हण्याकडून ही गाडी आणली. मेव्हणा तरुणपणी ती चिखलाच्या शर्यतीत पळवायचा. गाठींचे जाड टायर, वर उचललेला पुढचा मडगार्ड, आणि दगडाला आपटू नये म्हणून वर वळवलेला सायलेन्सर. गाडी डोंगरासाठीच घडवलेली. पण ती घडवणाऱ्यानं पावाचा विचार केला नव्हता. सायलेन्सरचं तोंड आणि मागची पावाची टोपली यांच्यात जेमतेम वीतभर अंतर.

आंतोनचा सगळा संसार, सगळी विद्या आणि सगळी चिडचिड या वीतभर अंतरात मावलेली होती. टू-स्ट्रोक गाडीला वंगण वेगळं नसतं. पेट्रोलमध्येच तेल कालवायचं. ते पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टनला बुळबुळीत ठेवतं, जळतं आणि धूर होऊन मागून निघतं. तेल कमी पडलं की पिस्टन तापून सिलिंडरला धरतो आणि गाडी जागच्या जागी थिजते. जास्त पडलं की निळा धूर. तो धूर टोपलीवरच्या फडक्यातून आत शिरणार आणि पावाला लागणार. चढणीला पहिल्या गियरमध्ये ओझं ओढायचं म्हणजे तेल सढळ हवं. पाव खाण्याजोगा राहायचा म्हणजे तेल बेतानं हवं. दोघांचं पटायचं कसं?

आंतोननं ते पटवलं होतं नाकानं. फेणी प्यायचा एक लहान काचेचा ग्लास हे त्याचं माप. पाच लिटरच्या कॅनला सहा ग्लास तेल, कॅन दोन्ही हातांनी खळखळा हलवायचा, आणि मग बूच काढून हुंगायचं. चढण संपली की गाडी उभी करायची, टोपलीवरचं फडकं उचलून आत नाक घालायचं. ठीक असेल तर पुढे. नसेल तर दुसऱ्या दिवशी अर्धा ग्लास कमी. पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. पेट्रोलमध्ये इथेनॉल यायला लागलं तेव्हा तर त्यानं महिनाभर शिव्या घातल्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि खाडीच्या काठावर हवेत पाण्याशिवाय असतं काय? साठवलेल्या कॅनच्या तळाशी पाणी बसायचं, गाडी खोकायची, भलतीच तापायची. मग त्यानं साठवणं सोडलं. लागेल तसं ताजं पेट्रोल आणायचं, ताजं कालवायचं. इथेनॉल नसलेलं महागडं पेट्रोल मोठ्या शहरातल्या पंपावर मिळतं असं त्याला कुणीतरी सांगितलं. "पाव इकतंय रे मी, विमान नाय चलवत," असं म्हणून त्यानं तो विषय संपवला.

भट्टीवरही तेच. पिठाला आंब किती चढली, लाकूड ओलं आहे की सुकं, पाव काढायचा की अजून घटकाभर ठेवायचा, सगळं नाक सांगायचं. वेंगुर्ल्यातल्या एका म्हाताऱ्या पदेराचं नाक वयानं गेलं, तरी त्यानं भट्टी चालूच ठेवली होती. तेव्हा आंतोनच चारचौघांत मोठ्यानं म्हणाला होता, "वास कळना नाय तेणी भट्टी पेटवची कशाक? घरात बसान जपमाळ ओढूची." लोक हसले होते. आंतोनला लोक हसलेले आवडायचे.

मग ती करोनाची साथ आली. दुसऱ्या लाटेत नवरा-बायको दोघंही आजारी पडली. ताप उतरला, खोकला गेला, अंगात जीव आला. आंतोनचं नाक मात्र परत आलं नाही. आंतोननं आधी दोन-चार आठवडे वाट पाहिली. मग कापूर हुंगून पाहिला, सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, हुंगून पाहिली, शेवटी पेट्रोलच्या कॅनमध्येच तोंड घातलं. डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. कॅनमध्ये पेट्रोल आहे की विहिरीचं पाणी, हे डोळे मिटून त्याला सांगता आलं नसतं.

त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही. त्याची मुलगी वेनेसा मडगावला दिलेली. आजारपण झाल्यापासून तिचं एकच टुमणं: भट्टी बंद करा, घराला कुलूप लावा आणि इकडे या. बर्नादेत, म्हणजे आंतोनची बायको, लेकीला ना हो म्हणायची ना नाही. नाक गेल्याचं कळलं असतं तर तिनं दुसऱ्याच दिवशी पीठ आणणं बंद केलं असतं, असं आंतोनला पक्कं वाटत होतं. त्याला मडगावला जायचं नव्हतं. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याचा पाव खात बसायचं नव्हतं. भट्टी आणि सड्याची वाट एवढंच त्याचं उरलं होतं. तेवढं त्याला कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं.

म्हणून तो घड्याळावर पाव काढायला शिकला. वरचा रंग बघून, तळाला टिचकी मारून आवाज ऐकून काढायला शिकला. बर्नादेत काही विचारायची नाही. एकदा त्याच्या लक्षात आलं, की हल्ली घरात 'वास' हा शब्दच कुणी उच्चारत नाही. फणस पिकला तर बर्नादेत म्हणायची, "फणस झालो." त्याचा वास सुटलाय असं म्हणायची नाही. आंतोनला बरंच वाटलं. विषय निघत नाही तर नको.

पण वासाबरोबर आणखीही काहीतरी निघून गेलं, त्याला मात्र घड्याळ उपयोगी पडेना. जेवण म्हणजे गरम, थंड, तिखट आणि खारट, बस्स. बांगड्याची आमटी आणि वरण यांत फरक काट्यांचा. वेनेसाला मुलगा झाला, तेव्हा तिनं बाळ बापाच्या हातात दिलं. आंतोननं मान वाकवून बाळाच्या टाळूला नाक लावलं. सगळे बघत होते. त्याला काहीच वाटलं नाही. हातात काहीतरी गरम आणि हलकं होतं. तो हसला, "बरो आसा," म्हणाला आणि बाळ परत देऊन टाकलं. परत येताना बसमध्ये बर्नादेत बाळाबद्दल बोलत राहिली आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

त्याला एकच गोष्ट वाटायची, ती म्हणजे भीती, आणि तीसुद्धा एकाच जागी: चढण संपल्यावर, टोपलीचं फडकं उचलताना. जुन्या सवयीनं तो नाक आत घालायचा आणि आत काहीच नसायचं. धूर लागलाय की नाही? लागला असेल तर किती? वाडीत पहिलं घर तुळसाचं. तो तिला विचारायचा, "पाव बरो आसा मा गो?"

"बरो आसा. कित्याक रे?"

"काय नाय. असोच इचारलंय."

तुळसाचं 'बरो' हे काही प्रमाणपत्र नव्हे. तुळसा समोरच्या माणसाचं मन मोडू नये म्हणून पडलेला पाऊससुद्धा नाही म्हणणारी बाई. तेव्हा आंतोननं स्वतःपुरता हिशेब केला. आपल्याला वास कळत नाही, म्हणजे वास मुळात असताच कामा नये. सहाचे पाच ग्लास झाले, पाचाचे साडेचार. गाडी चढणीवर कुरकुरायला लागली. उतारावर तर तो जास्तच जपायचा, कारण उताराला थ्रॉटल बंद ठेवला की इंजिनाला पेट्रोल मिळत नाही, म्हणजे तेलही मिळत नाही. म्हणून क्लच दाबून मधूनमधून रेस करत तो खाली यायचा. वाडीतल्या पोरांना वाटायचं, पदेरमामा मजेत आहे.

साडेचारावरही त्याचं समाधान होईना. तो वेंगुर्ल्याच्या बंदरावर देवेशकडे गेला. देवेश होड्यांच्या मागं लावतात ती इंजिनं दुरुस्त करतो. तीही टू-स्ट्रोक. त्यांना घालायचं तेल वेगळं, पातळसर, आणि त्याचा धूर जवळजवळ दिसतच नाही. आंतोननं डबा हातात घेऊन उलटापालटा केला.

"ह्या तेल गाडयेक घालू नको हां," देवेश म्हणाला. "होडयेच्या इंजनाक दर्याचा पाणी थंड ठेयता. तुझ्या गाडयेक कोण ठेयतलो? वारो. आणि चढणीर पयल्या गियरात वारो खंय आसा?"

"पण धूर करूचा नाय मा?"

"धूर करूचा नाय. पिस्टन धरतलो."

"आणि वास?"

देवेश हसला. "वासाचा तुझा तू बघ. तुका नाक आसा मा?"

आंतोनही हसला आणि डबा घेऊन घरी आला. आणून भट्टीमागच्या फळीवर ठेवला. त्यानं तो वापरला नाही. नुसता आहे म्हणून बरं वाटत होतं.

भात कापून झालं, सड्यावरचं गवत पिवळं पडलं, आणि वाडीची राखण आली. राखण म्हणजे हद्दीवरच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा द्यायचा मान: कोंबडा, नारळ, विडी. मग सगळ्यांनी मिळून घातलेलं गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, आणि मग जेवण. मुंबईहून चाकरमानी येतात, माहेरवाशिणी येतात. वाडीचा मानकरी धोंडू. त्यानं आदल्या दिवशी सांगितलं, "आंतोना, उद्या दुप्पट पाव हाड. सकाळची चाय सगळ्यांची एकत्र आसा. आणि गाऱ्हाण्याच्या आधी येवक व्हयो. मागसून ईलो तर काय उपेग नाय."

दुप्पट पाव म्हणजे दोन टोपल्या. दोन खेपा करायला वेळ नाही. बर्नादेत म्हणाली, "मी येतंय. एक टोपली मांडयेर धरतंय."

इतक्या वर्षांत ती गाडीवरून सड्यावर कधी गेली नव्हती. आता ती मागे बसणार, सायलेन्सरच्या अगदी वर, मांडीवर पाव घेऊन. सगळी चढण तिच्या नाकाखालून जाणार. पावाला धूर लागला तर तिला कळणार, आणि त्याला कळलं नाही हेही तिला कळणार. नको म्हणायलाही कारण सापडेना.

सकाळी पाव निघाले. कडक पाव, कोंड्याच्या पोळ्या म्हणजे चपटे पाव, बांगडीसारखी गोल कांकणं. बर्नादेत आत साडी बदलत होती. आंतोन भट्टीमागे कॅन घेऊन बसला. एका बाजूला नेहमीच्या टू-टी तेलाची बाटली, दुसऱ्या बाजूला देवेशकडचा डबा. कुणी शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, आज दुप्पट ओझं, दोन माणसं, वर ऊन. आज सहाच्या जागी सात ग्लास घाल बाबा आणि पाव मेणकापडात गुंडाळ. आंतोनलाही ते कळत होतं. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांना हेच सांगितलं होतं. त्यानं डबा उघडला, होडीचं तेल ओतलं. एक ग्लास, दोन, तीन. तिसऱ्यावर थांबला. कॅन खळखळा हलवला. बूच काढलं, नाकाशी नेलं, आणि आपण काय करतोय ते लक्षात येऊन परत लावलं.

पहिली चढण गाडी बरी चढली. मागच्या कॅरियरला एक टोपली, मध्ये बर्नादेत, तिच्या मांडीवर दुसरी. धुराचा पत्ता नव्हता. आंतोननं आरशात पाहिलं, मागे स्वच्छ हवा. त्याला आनंद झाला असं म्हणवत नाही, पण खांदे जरा सैल झाले. अर्ध्यावर, जिथं वाट दोन धोंड्यांच्या मधून उभी चढते, तिथं इंजिनात बारीक टिकटिक सुरू झाली. त्यानं ऐकली. म्हटलं, एवढं वळण काढूया. बर्नादेतनं त्याच्या पाठीवर दोनदा थापट मारली. धक्के बसताहेत म्हणून मारत असेल, असं त्याला वाटलं. तिनं तिसऱ्यांदा मारली तेव्हा पिस्टननं धरलं.

मागचं चाक एकदम जाम झालं. आंतोननं क्लच दाबला, पाय टेकला, पण ओझं मागे ओढत होतं. गाडी हळूच, जणू बसायलाच निघाल्यासारखी, एका अंगावर कलंडली. बर्नादेत करवंदीच्या जाळीत बसती झाली. तिच्या कोपराला खरचटलं, पदर काट्यांत अडकला. मांडीवरची टोपली तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. त्यातला एकही पाव खाली पडला नव्हता.

इंजिन तडतडत निवत होतं. आंतोननं किक मारून पाहिली. किक दगडासारखी घट्ट. तो तिच्याशेजारी उभा राहिला.

"थापट कित्याक मारलंस?" त्यानं विचारलं.

बर्नादेत पदर सोडवत होती. तिनं वर त्याच्याकडे पाहिलं. "असोच," ती म्हणाली.

तापलेल्या लोखंडाचा, करपलेल्या तेलाचा वास त्या वाटेवर एवढा दाटला होता, की दहा पावलांवरच्या माणसालाही नाकाला पदर लावावासा वाटला असता. आंतोनला फक्त ऊन लागत होतं.

वरून माणसं धावत आली. पुढे तुळसा. "गाडयेचो आवाज मध्येच बंद पडलो, म्हणान ईलाव," ती म्हणाली. तिनं एक टोपली डोक्यावर घेतली, दुसरी कुणीतरी चाकरमान्यानं घेतली. दोघांनी गाडी उभी करून जाळीला टेकवली. कुणी आंतोनला काही विचारलं नाही. गाऱ्हाण्याला उशीर होत होता, सगळे झपाझप चढायला लागले. आंतोन मागून चालत होता. गाडी गेली, इंजिन आतून ओरबाडलं असणार, हे त्याला कळत होतं. वेनेसा म्हणणार, बघा, देवानंच सांगितलं. तो हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल चाललं असल्यासारखं मनातल्या मनात बोलत राहिला.

हद्दीवर एका जुन्या किंजळाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. पुरुष दगडासमोर गोळा झाले, बायका बांधावर. आंतोन दरवर्षीसारखा थोडा बाजूला, हात मागे बांधून उभा राहिला. देव त्याचा नव्हे, पण रोजच्या वाटेवरचा होता. रिकामी टोपली घेऊन परतताना तोही इथं गाडीचा वेग कमी करायचा. धोंडूनं डोक्यावरचा टॉवेल सारखा केला, नारळ हातात घेतला आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! सड्याच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"सालाबादपरमाण आज तुझ्या लेकरांनी तुझो कोंबो-नारळ तुझ्या पायाकडे ठेयलेलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काजीक मोहोर बरो येवंदे, आंब्याक बरो येवंदे! मुंबयक गेले ते आणि घराकडे ऱ्हवले ते, सगळ्यांक सुखात ठेव! महादूच्या म्हशीची कास सुजली हा, ती बरी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

धोंडूनं श्वास घेतला. गाऱ्हाणं संपलं असं वाटून एकानं कोयता उचलला. धोंडूनं त्याला हातानं थांबवलं.

"आणि म्हाराजा, ह्यो आंतोन पदेर! तुझ्या हद्दीतसून रोज येता, रोज जाता, म्हणजे तुझोच! त्या दुखण्यात तेचा नाक गेला. तो बोलूक नाय, आमी इचारूक नाय. पाव घासलेटासारखो ईलो तरी आमी चायेत बुडवून खाल्लो. आज तेची गाडी तुझ्या हद्दीत बंद पडली. ती चालू कर, तेचा नाक बरा कर! आणि नाकाचा जमण्यासारखा नसात तर ऱ्हवांदे, पण पदेराची वाट मोडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजात बांधावरचा एक आवाज आंतोनला वेगळा ऐकू आला. तो त्याला चर्चमध्ये, आमेन म्हणताना, दर रविवारी ऐकू यायचा.

नारळ फुटला. माणसं चहाकडे वळली. आंतोन तिथंच उभा होता. त्याच्या कानशिलाशी काहीतरी धडधडत होतं आणि ते काय आहे हे त्याला आधी ओळखूच आलं नाही, इतकी त्याची सवय मोडली होती. तो राग होता. सगळ्यांना माहीत होतं. तुळसाला, धोंडूला, महादूच्या म्हशीलासुद्धा माहीत असणार. आणि आपण तेल मोजत बसलो, अर्धा अर्धा ग्लास कमी करत, भिऊन भिऊन, शेवटी स्वतःच्या हातानं गाडी मारली. कशासाठी? तो ताडताड चालत बांधाकडे गेला. बर्नादेत बाजूच्या दगडावर एकटीच बसली होती, कोपराला कुणीतरी हळद लावून दिली होती.

"तुका कधीपासना म्हायत हा?" त्याचा आवाज फाटला होता.

"सुरवातीपासना."

"कसा?"

"माझा पण गेला हुता मा नाक, त्याच दुखण्यात. माझा थोड्या दिसांनी परत ईला. मी तुझी वाट बघलंय. तुझा येवक नाय."

ती बरी झाली होती. एवढ्या दिवसांत एकदाही तिनं सांगितलं नव्हतं, की तिला चहाचा वास येतो, पावसाचा येतो, भाजल्या पावाचा येतो. ते सगळं तिनं त्याच्या शेजारी बसून गुपचूप, चोरून घेतल्यासारखं घेतलं होतं.

"मगे माका सांगूक नाय कित्याक? भट्टी बंद करूक नाय ती?"

"भट्टी कित्याक बंद करू?" बर्नादेतला आता खरंच राग आला. "तू मडगावाक जावन करतलंस काय? मरतलंस. माका काय दिसना नाय?"

खूप दिवसांनी त्याला रडू येत होतं, आणि ते लोकांसमोर येऊ नये म्हणून तो तिच्या शेजारी, वाडीकडे पाठ करून बसला. तुळसा दोन कप चहा आणि दोन पाव ठेवून गेली. थांबली नाही.

बर्नादेतनं एक पाव हातात घेतला. मधोमध फोडला, नाकाशी नेला, आणि उघड, त्याच्या देखत, डोळे मिटून हुंगला.

"आज धूर नाय लागलो," ती म्हणाली. "जरा पण नाय."

आंतोननं तिच्या हातातला अर्धा पाव घेतला. तो मऊ होता, कोमट होता, आणि बाकी काही नव्हता.

"मगे कसलो वास आसा?" त्यानं विचारलं.

बर्नादेतनं पुन्हा हुंगला. घाई केली नाही. "आंबूस," ती म्हणाली. "पण बारीक. पीठ बरा चढलेला, तसो. वरच्या सालीक जरा गूळ करपल्यासारखो. आणि खाली कोंडो. कोंड्याक आपल्या भट्टीतल्या काजीच्या लाकडाचो येता."

आंतोननं घास घेतला आणि सावकाश चावायला लागला.

"आणखी सांग," तो म्हणाला.